ज्या गावाला मी पाहुणे नेणं थांबवलं

संपादक म्हणाले, "भाड्याच्या मोटारीवर सोलापुरात जन्म काढलात. तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली असतील, त्यांच्याबद्दल लिहा." भेटली, अगदी पोतंभर भेटली. पण लिहायला बसलो आणि त्या पोत्यातून नेमकं एकच गाव बाहेर आलं. त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. का नाही, ते वाचता वाचता कळेलच. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या कोरड्या माळावर कुठेतरी आहे, एवढ्यावर वाचकांनी भागवून घ्यावं.

आधी धंद्याविषयी सांगतो, कारण आजच्या पोरांना तो ठाऊक नाही. शहरात तीस साली मार्शल लॉ लागला, त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतल्या या गोष्टी. स्टेशनाबाहेर भाड्याच्या मोटारी उभ्या असत. कापडी टपाच्या, बाजूंनी उघड्या, हँडल मारून सुरू होणाऱ्या. गिरण्यांच्या साहेबांकडे विलायतेहून पाहुणे येत, कंत्राटदारांकडे मुंबईचे व्याही येत, आणि त्या सगळ्यांना काहीतरी 'बघायचं' असे. किल्ला, तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ, अगदीच हौशी असतील तर विजापूरचा गोल घुमट. मोटार मालकाची, पण तोंड माझं. गाडी हाकता हाकता मी माहिती सांगे. दोन गोष्टी मी लवकर शिकलो. पाहुण्याला तहान लागायच्या आत पाणी पुढे करायचं, आणि त्याला काय दाखवायचं नाही हे घरून निघतानाच ठरवायचं.

एक बंगाली वकील होते. दिसेल त्या दगडाचं वय विचारायचे. मी कंटाळून सगळ्यालाच पाचशे वर्षं सांगत सुटलो. शेवटी त्यांनी म्युनिसिपालटीच्या गुरांच्या हौदाकडे बोट दाखवलं, आणि माझ्या तोंडून तिथंही पाचशेच निघालं. त्यांनी तेही लिहून घेतलं. दुसरे एक गृहस्थ घुमटात उभे राहून बायकोला जे समोर बोलता येत नव्हतं ते भिंतीला कुजबुजले. घुमटानं ते पलीकडच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या बायकोच्या कानात जसंच्या तसं घातलं. परतीच्या वाटेवर मोटारीत कुणी चकार शब्द काढला नाही.

असो. त्या गावाकडे वळतो.

गाव धनगरांचं. मेंढरं राखायची, लोकर कातरायची, घोंगड्या विणायच्या. सगळी वस्ती बिरोबाला मानणारी, आणि देवळाचा पुजारी आणि पंचांचा मुख्य एकच, मायाप्पा. लहानथोर सगळे त्याला आज्जा म्हणत. त्या मुलखात कानडी जवळ, म्हणून आजोबाचा आज्जा. काटकुळा, उंच, आणि गावात हसताना मी त्याला कधी पाहिला नाही. एकदा त्याच्या म्हातारीला रस्त्यावर चक्कर आली आणि माझी रिकामी मोटार तिथून चालली होती. मी तिला मंगळवेढ्याच्या दवाखान्यात पोचवली. तेवढ्या ओळखीवर आज्जानं मला गावात पाहुणे आणायची परवानगी दिली. परवानगीला अटी होत्या. घोंगडीवर पायताण घालून चढायचं नाही. मेंढरं मोजायची नाहीत, किती आहेत म्हणून विचारायचंही नाही. माणसाचा फोटो काढायचा नाही. आणि देवळातला ढोल वाजवून दाखवा म्हणून हट्ट धरायचा नाही.

या ढोलाविषयी सांगितलंच पाहिजे. देवळाच्या आढ्याला तो दोरानं टांगलेला असे. वर्षातून एकदा, जत्रेला, देवाला कौल लावून तो खाली घेत. कौल म्हणजे देवाची परवानगी. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या हातानं फुलाची एकेक पाकळी चिकटवायची आणि वाट पाहायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कौल न लावता कुणी ढोलाला हात लावला तर मेंढरांवर रोग येतो, अशी गावाची पक्की समजूत. पूर्वी एकदा तसं झालं होतं आणि कळपच्या कळप गेले होते. ज्यांचं सगळं जगणं चार पायांवर चालतं, त्यांच्या या भीतीला मी तरी हसणार नाही.

माझ्या गिऱ्हाइकांना ते गाव फार आवडे. घुमटापेक्षा जास्त. "हे लोक अजून असेच राहतात?" म्हणून डोळे मोठे करीत. मला अभिमान वाटे, जसं काही गाव मीच बसवलंय.

चैत्र सरत आला होता. एका गिरणीच्या इंजिनियर साहेबाची बहीण विलायतेहून आली होती. पन्नाशीची, लग्न न केलेली, डोक्यावर भली मोठी गवती टोपी, हातात चित्रांची वही. साहेबाचा बटलर तिला मिसबाई म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. हिंदुस्थानी मोडकंतोडकं बोलायची आणि कशालाही घाबरायची नाही. भीमेच्या पात्रात मोटारीला बैल लावून ओढत होते तेव्हा ही बाई खाली उतरून वाळूत मागून ढकलत होती.

गावात पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. गावाबाहेर माळावर जुन्या लढायांत पडलेल्या माणसांचे कोरीव दगड उभे आहेत, वीरगळ म्हणतात त्यांना. मिसबाई त्यांची चित्रं काढायला बसली. मला म्हणाली, "तुम जाओ, चाय पिओ. हम इधर ठीक है." मी सिदूच्या घरी गेलो.

सिदू हा गावातला ढोल वाजवणारा. चाळिशीचा, अंगानं भक्कम, बोलायला मऊ. त्याची थोरली मुलगी हौसा हिचं लग्न अखितीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, ठरलं होतं. नवऱ्या मुलाचा चुलता बोलणी पक्की करायला आलेला होता, तोही तिथंच ओट्यावर बसलेला. हौसानं चहा आणला. काळा, गुळाचा.

चहा अर्धा झाला असेल नसेल, तोच पश्चिमेची कड तांबडी झाली. सिदू उभा राहिला. "वावटळ न्हवं ही," तो म्हणाला. "लई मोटं वादळ हाय. बाई कुटं हाय तुमची?"

मी धावलो. गावाच्या शेवटच्या घरापर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात धुळीनं सगळं गिळलं. हात पुढे केला तर हात दिसेना. मी कसाबसा मोटारीपाशी आलो आणि हॉर्नचा फुगा दाबत सुटलो. वारा तो आवाज तोंडासमोरूनच उचलून नेत होता. मागून सिदू आला, त्याच्यामागे गावातली माणसं. सगळे मिळून ओरडलो. आमचं ओरडणं आमच्याच कानांत राहिलं.

आणि मग मला त्या विहिरी आठवल्या. माळावर वीरगळांच्या आसपास जुन्या आटलेल्या विहिरी होत्या, कठडा नसलेल्या, तोंडावर तरवडाची झुडपं माजलेली. दिवसाउजेडी नवखा माणूस त्यात जाईल अशा. मी सिदूचा दंड धरला आणि म्हणालो, "ती चालत सुटली असेल तर संपलं."

सिदूनं दंड सोडवून घेतला. देवळाकडे धावला. मी मागोमाग. त्यानं आढ्याचा दोर विळ्यानं कापला, ढोल गळ्यात अडकवला आणि देवळाच्या ओट्यावर जाऊन वाजवायला लागला. बाकीची माणसं होती तिथंच थिजली. एक म्हातारी ओरडली, "आरं कौल! कौल न्हाय लावला!" सिदूनं मान वळवली नाही.

ढोलाचा आवाज वेगळाच असतो. हॉर्न वाऱ्यानं उडवला, पण ढोल वाऱ्याच्या खालून, जमिनीतून गेला. मला तो तळपायांत कळत होता. किती वेळ तो वाजवत होता कुणास ठाऊक. हाताची सालटी निघाली तरी थांबला नाही. साहेबाला तोंड कसं दाखवू एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. हे माणुसकीला शोभणारं नव्हतं, पण होतं खरं.

मग धुळीतून ती आली. हातापायांवर रांगत. टोपी गेलेली, एका पायातला बूट गेलेला, केस मातीनं भरलेले, पण वही छातीशी धरलेली. ओट्याच्या पायरीला हात लागला तशी तिथंच बसली आणि ढोलाकडे बघत रडायला लागली. हौसानं तिला धरून घरात नेली.

सिदूनं ढोल उतरवला. तोवर आज्जा येऊन उभा होता. त्यानं ढोलाकडे पाहिलं, कापलेल्या दोराकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "उद्या सकाळी घोंगडी टाकू."

घोंगडी टाकायची म्हणजे पंचायत बसवायची. देवळापुढे चिंचेखाली एक काळी घोंगडी अंथरतात. तीवर जो बसतो त्यानं खोटं बोलायचं नाही. बोललं तर ते देवासमोर बोलल्यासारखं. पंचांनी दोष ठरवला तर वाळीत टाकतात. मग त्या घराला कुणी विस्तव देत नाही, पाणी देत नाही, आणि त्या घरची पोरगी कुणी करून घेत नाही. मिसबाई आणि मी रात्री सिदूच्याच घरी राहिलो, पण नवऱ्या मुलाचा चुलता तिथं जेवला नाही. वाढलेलं पान तसंच ठेवून देवळात झोपायला गेला. हौसा रात्रभर चुलीपुढे बसून राहिली.

सकाळी वादळाचा मागमूस नव्हता. सगळा गाव चिंचेखाली जमला. मिसबाई उठून, तोंड धुऊन, एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात हौसाची वहाण घालून बाहेर आली. गर्दी पाहून तिचा चेहरा उजळला. वही उघडली, पेन्सिल काढली आणि मला विचारलं, "ये क्या पूजा है? नाच कब शुरू होगा?"

तिची चूक नव्हती. जमलेली माणसं म्हणजे काहीतरी बघायचं, हे मीच तिला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना शिकवलं होतं. मी तिच्या हातातली वही मिटली. गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावण्याची माझी ती पहिलीच वेळ. "मिसबाई," मी म्हणालो, "उस आदमी ने आपके लिए ढोल बजाया, इसलिए उसको गाँव से बाहर करेंगे. उसकी बेटी की शादी टूटेगी."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती थेट घोंगडीकडे निघाली. कडेला थांबली, पायातलं काढलं. गळ्यातली सोन्याची साखळी काढून आज्जापुढे धरली आणि मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाली की हे देवाला घ्या, नवा ढोल करा, पण ह्याला सोडा.

आज्जानं साखळीकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाला, "तिला सांग, जीव वाचला ते चांगलं झालं. पर त्याचं मोल घ्यायचं न्हाय. ठेव म्हनावं गळ्यात."

तेवढ्यात दोन माणसं माळावरून आली. त्यांच्या हातात मिसबाईची गवती टोपी होती. जुन्या विहिरीच्या तळाशी सापडली होती. टोपी घोंगडीच्या कडेला ठेवली. सगळ्यांनी ती पाहिली. नवऱ्या मुलाच्या चुलत्यानंसुद्धा पाहिली.

आज्जानं विचारलं, "सिद्या, ढोल तू काडलास?"

"व्हय."

"कौल न लावता?"

"व्हय."

आज्जा जरा पुढे वाकला. मग हळू आवाजात, जणू वाट दाखवावी तसा म्हणाला, "जत्रंला तुज्या अंगात येतंय. काल बी आलं हुतं का? देवानंच ढोल काडाय सांगितला का तुला?"

मला सगळं उमगलं. सिदूनं एक 'व्हय' म्हणायचा अवकाश होता. देवानंच सांगितलं म्हटल्यावर दोष कुणाचाच राहत नव्हता, आणि कुणी त्याला पुरावा मागणार नव्हतं. हौसा चिंचेच्या बुंध्यामागे उभी होती. तिचे डोळे बापाच्या तोंडावर खिळले होते.

सिदू घोंगडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "न्हाय आज्जा. देव न्हाय आला. बाई मरंल म्हनून मीच काडला."

आज्जा माझ्याकडे वळला. "डायवर, तू तितं हुतास. घोंगडीवर ये. ह्यो थरथरत हुता का रं? अंगात आल्यावानी?"

मी घोंगडीवर बसलो. गिऱ्हाइकांपुढे हौदसुद्धा पाचशे वर्षांचा करणारा मी माणूस. एक खोटं बोलणं मला काय जड होतं! 'हो, थरथरत होता' हे शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात सिदूनं वर पाहिलं आणि सावकाश मान हलवली. नको म्हणून. त्यानं जे टाळलं ते मी त्याच्या वतीनं कसं करणार? मी म्हणालो, "धावत गेला आणि दोर कापला. बाकी मी काही पाहिलं नाही."

मी खरं बोललो आणि मला वाटलं, एका पोरीचं लग्न मी मोडलं. चुलता उठून धोतर झटकायला लागला.

"बस," आज्जा त्याला म्हणाला. "अजून झालं न्हाय. मानसांचं झालं. आता देवाला इचारू."

सगळे देवळात गेले. साक्षीदार म्हणून मला उंबऱ्यापाशी उभं केलं. आज्जानं हात धुतले, कण्हेरीच्या दोन पाकळ्या घेतल्या. पाकळ्या लावताना कुणी वर पाहायचं नाही अशी रीत. सगळ्यांनी, सिदूनं, हौसानं, त्या चुलत्यानंही, कपाळ जमिनीला टेकलं. मी उभाच राहिलो. मुद्दाम नाही. मला ती रीत ठाऊक नव्हती, आणि बघणं हाच माझा धंदा.

म्हणून मी पाहिलं. आज्जानं उजव्या खांद्यावरची पाकळी बोटाच्या टोकानं नुसती टेकवली, पाणी लागलं न लागलं एवढंच. डावी मात्र आधी ओल्या भंडाऱ्यात बुडवली, हळदीत चांगली माखली आणि अंगठ्यानं दाबून दगडाला बसवली. तो माणूस देवासमोर काय करत होता हे त्याच्याइतकं त्या देवळात कुणालाच कळत नव्हतं.

मग माना वर झाल्या आणि सगळे बघत राहिले. पाकळी पडेना. गर्दीत कुणाचं तरी पोर रडायला लागलं, आईनं त्याच्या तोंडावर हात धरला. दगड गार, पाणी वाळेना. एकदा डावी पाकळी कडेला जराशी उचलल्यासारखी वाटली आणि आज्जाचा चेहरा मी पाहिला. तसा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही.

उजवी पडली.

भंडारा उधळला, चांगभलं झालं, बायका हौसाला मिठ्या मारायला लागल्या. चुलत्यानं सिदूच्या पायाला हात लावला. सिदू उभ्यानं रडत होता आणि मिसबाई कुणी काही न सांगता त्याच्या शेजारी उभी राहून रडत होती. आज्जा त्यांच्यात नव्हता.

मी मोटारीला हँडल मारत होतो तेव्हा तो आला. मोटारीच्या पलीकडे उभा राहून म्हणाला, "तू मान खाली घातली न्हाईस."

मी म्हणालो, "मला रीत ठाऊक नव्हती, आज्जा."

"मग बघितलंस."

मला खोटंही बोलवेना आणि खरंही.

"देवाचं आनि माजं मी बघून घीन," तो म्हणाला. "तू एवढंच कर. हितनं फुडं कुनाला बगायला आनू नगंस."

मी बरं म्हणालो. त्यानं माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि मागे न बघता गेला.

मी शब्द पाळला. मिसबाई विलायतेला परतली आणि तिच्या तोंडून ऐकून मागून किती तरी गिऱ्हाइकं आली. 'ते धनगरांचं गाव दाखव' म्हणायची. मी कधी भीमेला पाणी आहे म्हणे, कधी वाट फुटली म्हणे. मालक कुरकुरला. गिऱ्हाइकांना मी परत किल्ला आणि घुमट दाखवू लागलो. घुमटापायी तरी कुणाच्या पोरीचं लग्न मोडत नाही.

पुढल्या वर्षी पाऊस संपता संपता आज्जा मला सोलापूरच्या बाजारात भेटला. लोकरीचं एकच लहानसं गाठोडं घेऊन बसला होता. एवढा वाळला होता की आधी ओळखलाच नाही. गावच्या दुसऱ्या एका धनगरानं मला बाजूला घेऊन सांगितलं, आज्जाच्या कळपात रोग शिरला, निम्मी मेंढरं गेली. गावात बाकी कुणाच्या मेंढराला काही नाही, फक्त त्याच्याच. लोकांना कोडं पडलं होतं. "आज्जासारखा देवाचा मानूस, आनि त्याच्यावरच कसं आलं?" तो म्हणाला.

मी आज्जाजवळ जाऊन बसलो. त्यानंच विचारलं, "तुजी मोटार सांगोल्याकडं जाती न्हवं?"

"जाते."

"सिद्याची हौसा दिलीया तितं. तिच्या गावावरनं जातोस का कदी?"

"गेल्याच महिन्यात दिसली होती, आज्जा. कडेवर पोरगा होता. हसत होती."

आज्जानं गाठोड्याची गाठ उगाचच एकदा सोडली आणि पुन्हा बांधली. "मग स्वस्तात सोडलं देवानं," तो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं.